गळ्यापर्यंत दर्या

मैत्रिणींनो, माझे माहेर मालवणचे. मागल्या दाराने बाहेर पडले की माड, आणि माड संपले की समुद्र. एवढे ऐकल्यावर तुम्हांला वाटेल, ही बाई माशासारखी पोहत असणार! पण खरं सांगते, वयाची एकसष्टी उलटेपर्यंत मी घोट्याच्या वर समुद्रात कधी गेले नव्हते. आम्हां मुलींनी परकर वर खोचून शिंपल्या वेचायच्या, लाट आली की किंचाळत मागे पळायचे, एवढीच काय ती दर्याशी ओळख. पोहायचे ते भावांनी. बाबा म्हणायचे, "गो बाय, दर्याक पाठ दाखवू नको." पाठ मी कधी दाखवली नाही, पण पुढेही गेले नाही. मग लग्न होऊन सांगलीला आले. तिथे काय, बादली आणि तांब्या!

अशी मी, आणि गळ्याइतक्या समुद्रात पहिल्यांदा उभी राहिले ती कुठे म्हणाल? आयर्लंडात. पाणी होतं पंधरा अंशांचं. आमचे हे अजून म्हणतात, "फोटो पाहिला नसता तर मी मुळीच खरं मानलं नसतं."

तुम्ही म्हणाल, आता ही परदेशवारीच्या गप्पा मारणार. तसं नाही, बरं का. मी गेले होते लेकीच्या बाळंतपणाला. २०२४ सालचा जून महिना. त्या देशात पाहुण्यांना नव्वद दिवस राहू देतात, त्या नव्वद दिवसांत मला बारसे, तेल-मालिश, डिंकाचे लाडू सगळे बसवायचे होते. लेक-जावई राहतात डब्लिनजवळच्या डन लीरी नावाच्या गावी. ह्या नावाचे स्पेलिंग पाहाल तर चक्रावून जाल, लिहायचे एक आणि म्हणायचे भलतेच. इंग्रजांच्या अमदानीत, १८२१ पासून १९२० पर्यंत, त्याला किंग्जटाउन म्हणत. डब्लिनहून लोकल गाडी थेट समुद्राच्या काठाकाठाने येते, वीस-पंचवीस मिनिटांचा रस्ता. दोन लांबलचक दगडी धक्क्यांच्या कवेत बंदर आहे आणि संध्याकाळी सारा गाव त्या धक्क्यावर फिरायला लोटतो. आपल्याकडे लोक चौपाटीवर भेळ खातात, तिथे आइस्क्रीमचा कोन हातात धरून कुडकुडत चालतात.

एक गंमत सांगते. आयर्लंडचे पंतप्रधान होऊन गेलेले लिओ वराडकर हे मूळ आमच्याच मालवण तालुक्यातल्या वराड गावचे घराणे. वडील डॉक्टर, मुंबईहून तिकडे गेलेले. २०१९ च्या डिसेंबरात ते वराडला येऊन गेले तेव्हा केवढी धांदल उडाली होती! त्यामुळे मला आपलं उगीच वाटत होतं, की ह्या देशाशी आपलं काही नातं आहे. समुद्राला मात्र ते नातं माहीत नव्हतं. पहिल्याच दिवशी मी वाकून पाण्याला बोटं लावली, तर बर्फाच्या लादीला हात लावल्यासारखं झालं.

जूनच्या अखेरीस नात झाली. सुटका नीट झाली, बाळ गुटगुटीत. मी माझा कारभार सुरू केला. खिडक्या बंद, लेकीचे कान रुमालाने बांधलेले, पायांत मोजे, सकाळी अळिवाची खीर, रात्री बाळंतशेपा. शेगडी नव्हती म्हणून गरम पाण्याच्या पिशव्यांनी शेक. सरकारी परिचारिका घरी येऊन बाळाचे वजन करून गेली, तिला माझा थाटमाट पाहून हसू आले, पण ती काही बोलली नाही.

सगळे यथासांग चालले होते आणि लेक मात्र दिवसेंदिवस गप्प होत चालली होती. सुरुवातीला रडू यायचे. मी म्हटले, होतं असं, पहिल्या आठवड्यात सगळ्यांनाच होतं. पण तीन आठवडे गेले, चार गेले. खाल्लं का म्हटलं तर "हं". बाळाला घे म्हटलं तर घ्यायची, पाजायची, परत द्यायची. खिडकीपाशी बसून राहायची. बंद खिडकी, बरं का. मीच बंद केलेली.

वरच्या मजल्यावर एक सत्तरी ओलांडलेल्या बाई राहत. रोज सकाळी नऊच्या सुमाराला पिशवीत टॉवेल कोंबून जिना उतरायच्या आणि तासाभराने लालबुंद गालांनी परत यायच्या. बाळाला पाहायला आल्या तेव्हा लेकीने सहज विचारले आणि कळले, की त्या बाराही महिने समुद्रात उतरतात. एकट्या नव्हे, पाच-सात जणींचा घोळका आहे. बाई म्हणाल्या, "डॉक्टरांनी परवानगी दिली की तूही ये."

लेक त्या दिवशी पहिल्यांदा हसली. आणि मी? मी ओरडलेच! "बाळंतीण आणि गार पाणी? अंगात वारं शिरेल. दूध आटेल. जन्माची कंबर धरेल." जे जे माझ्या आईने मला सांगितले होते ते ते सगळे मी तिला ऐकवले. लेक काही न बोलता उठून आत गेली. जावई हळूच म्हणाले, "आई, आपण डॉक्टरांना विचारू या ना." जावयापुढे काय बोलणार!

तिकडे बाळंतिणीची तपासणी सहा आठवड्यांनी होते. म्हणजे आपला सव्वा महिनाच की, वर दोन-चार दिवस! दोन टोकांच्या दोन देशांतल्या बायकांनी एकच मुदत ठरवावी, ह्याची मला मोठी मौज वाटली. डॉक्टरीणबाईंनी सगळे नीट तपासले. रक्तस्राव पूर्ण थांबलेला, टाके भरलेले, ताप नाही. म्हणाल्या, थोडा वेळ उतरायला हरकत नाही, मात्र एकटीने नाही. (पोटावर शस्त्रक्रिया झालेली असेल तर मुदत लांबते, तेव्हा आपापल्या डॉक्टरांनाच विचारायचे.) त्यांनी लेकीला झोपेबद्दल, मनाबद्दलही बरेच प्रश्न विचारले आणि पुन्हा बोलावले. ही गोष्ट मी मुद्दाम लिहिते आहे. आपल्याकडे बाळंतिणीच्या टाक्यांची चौकशी होते, मनाची कोण करतो? पंधरवडा उलटून गेला तरी रडू थांबत नसेल, तर ते डॉक्टरांच्या कानावर घालायलाच हवे. समुद्र काही त्यावरचे औषध नव्हे.

मला आता नाही म्हणायला जागा उरली नाही. मग मी शेवटचा पत्ता काढला. म्हटले, "नारळी पौर्णिमा होईपर्यंत आपल्याकडे कोणी समुद्रात जात नाही." ते नाही कोळ्यांच्या होड्यांबद्दल आणि आपल्या पावसाळ्यातल्या खवळलेल्या दर्याबद्दल, हे मलाही ठाऊक होते. पण लेक समजूतदार. म्हणाली, "ठीक आहे, आई. नारळी पौर्णिमेला जाईन." पौर्णिमा होती १९ ऑगस्टला. माझ्या पदरात दहा दिवस पडले.

त्या दहा दिवसांत मी बाळगाडी ढकलत जागा पाहून ठेवल्या. डन लीरीच्या शेजारीच सँडीकोव्ह आहे. तिथे एक चिमुकली अर्धगोल पुळण आहे, भिंतीच्या आडोशाला, पाणी उथळ आणि शांत. वर टेकाडावर १८०४ साली बांधलेला एक गोल बुरूज. जेम्स जॉइस हा प्रसिद्ध लेखक १९०४ साली त्यात काही रात्री राहिला होता आणि त्याच्या 'युलिसिस' ह्या कादंबरीची सुरुवात त्याच बुरुजावर होते. आता तिथे त्याचे संग्रहालय आहे. आणि बुरुजाच्या पायथ्याशी, खडकांच्या पलीकडे, फॉर्टी फूट. ह्या जागेचे नाव साऱ्या आयर्लंडात माहीत. खडकांत कोरलेल्या पायऱ्या, धरायला लोखंडी कठडे, आणि खाली एकदम खोल, काळेशार पाणी. नाताळच्या दिवशी तिथे शेकड्यांनी माणसे उड्या घेतात.

पण ऐका हं. दोनशे वर्षांहून जास्त काळ हा फॉर्टी फूट फक्त पुरुषांचा होता! पुरुषमंडळी तिथे दिगंबर अवस्थेत पोहायची आणि बायकांनी तिकडे फिरकायचेही नाही. १९७४ साली काही बायका सरळ गेल्या आणि पाण्यात उतरल्या. आरडाओरडा झाला, नाके मुरडली गेली, पण बायका पुन्हा पुन्हा येत राहिल्या. तिथल्या पोहणाऱ्यांच्या मंडळाने मात्र बायकांना सभासद करून घ्यायला २०१४ साल उजाडू दिले. मला हे वाचून आपल्या पुण्याची आठवण झाली. अखिल भारतीय महिला परिषदेची पहिली बैठक १९२७ साली पुण्यात भरली, ती भरवण्यात पुढाकार होता मार्गारेट कझिन्स ह्या बाईंचा, आणि त्या आयर्लंडच्याच. तिथल्या बायकांचा चिवटपणा आपल्याला असा फार पूर्वीपासून परिचयाचा आहे.

वरच्या मजल्यावरच्या बाईंना मी विचारले, तुम्ही फॉर्टी फूटला जाता ना? त्या म्हणाल्या, "मी जाते. पण नवख्या बाईने तिथे पाऊल टाकायचं नाही. आधी पुळण." हे मला फार पटले. जिथे पाय टेकतो, जिथून पाहिजे तेव्हा चालत बाहेर येता येते, तिथेच शिकायचे.

पौर्णिमा उजाडली. मालवणात भरतीची वेळ काढायला पंचांग पुरते. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर तीनला, पौर्णिमेची पंधरावी तिथी म्हणजे सव्वाअकराला पूर्ण भरती. मी उगीच तेच गणित तिथे मांडले आणि छापील तक्त्याशी ताडून पाहिले, तर पाऊण तासाच्या आतबाहेर जुळले की! बाबांची फार आठवण झाली. अर्थात हा योगायोग. दुसऱ्या किनाऱ्यावर भरतीची वेळ वेगळी असते, म्हणून तक्ता पाहिल्याशिवाय पाण्यात जायचे नाही. जोराचा पाऊस होऊन गेला की गटाराचे पाणी समुद्रात येते, तेव्हा पोहू नका असा फलक लागतो, तोही पाहायचा.

मी नातीची गाडी धरून भिंतीपाशी उभी राहिले. लेक, त्या बाई आणि आणखी तिघी पुळणीवर उतरल्या. मला वाटले होते, धावत जाऊन धाडकन अंग टाकतील. तसे काही नाही. आपण देवळाच्या गाभाऱ्यात जातो ना, तशा हळूहळू गेल्या. घोटा, गुडघा, कंबर. प्रत्येक ठिकाणी थांबायचे. मनगटावर, मानेवर पाणी शिंपडायचे. लेक कमरेइतक्या पाण्यात गेली आणि तिचा श्वास असा काही अडकला, की मला किनाऱ्यावर ऐकू आला. माझ्या पोटात गोळा आला. गाडी टाकून धावावे, तर गाडीत नात! बाई लेकीच्या समोर उभ्या राहिल्या, तिचे दोन्ही हात धरले आणि काहीतरी बोलत राहिल्या. मिनिटभराने लेकीचे खांदे खाली आले. मग ती गळ्यापर्यंत बसली. तीन मिनिटे. मी घड्याळाकडे बघत होते. बाहेर आली तेव्हा मोठ्याने हसत होती.

ते श्वास अडकणे म्हणजे काय, ते मी नंतर समजून घेतले, कारण खरी भीती तिथेच असते. आपल्याला वाटते, गार पाण्यात माणूस गारठून मरतो. पण गारठायला बराच वेळ लागतो. धोका असतो पहिल्या मिनिट-दोन मिनिटांत. कातडी एकदम गार पडली की आपोआप 'हा:' करून मोठा श्वास आत ओढला जातो, मग धापांवर धापा लागतात, छाती धडधडते, रक्तदाब चढतो. त्या क्षणी डोके पाण्याखाली असेल तर हवेच्या जागी पाणी आत जाते. म्हणून उडी मारायची नाही आणि पहिल्या मिनिटात पोहायचे नाही. इंग्लंडातल्या पोर्ट्समथ विद्यापीठाचे प्राध्यापक माइक टिप्टन यांनी वर्षानुवर्षे ह्याचाच अभ्यास केला आहे. दोन-तीन मिनिटांच्या अशा पाच-सहा डुबक्या झाल्या की शरीराला सवय लागते आणि हा धक्का जवळजवळ निम्म्यावर येतो. आणि चुकून पाण्यात पडलातच तर हातपाय झाडायचे नाहीत. डोके मागे टेकवून, कान पाण्यात बुडू देऊन उताणे तरंगत राहायचे, श्वास ठिकाणावर आला की मग हालचाल. १८२४ साली स्थापन झालेली जीवरक्षक नौकांची संस्था तिथे हेच शिकवते. तिची एक नौका डन लीरीच्या बंदरातही असते.

पण मला तुम्हांला सांगायचे आहे ते पाण्याबाहेर काय झाले ते. बाहेर आल्यावर लेक एकदम खुशीत होती, म्हणाली, "मला थंडीच वाजत नाही!" बाई म्हणाल्या, "आत्ता नाही, दहा मिनिटांनी वाजेल. कपडे घाल." आणि खरोखर तसेच झाले. म्हणे, पाण्यातून बाहेर आल्यावरही हातापायांतले गार रक्त फिरत राहते आणि शरीराचा गाभा आणखी थोडा गार होत जातो. तेव्हा ओले कपडे आधी काढायचे, अंग कोरडे करायचे, वरचा भाग आधी झाकायचा, एकावर एक कपडे चढवायचे, डोक्यावर कान झाकणारी लोकरी टोपी, पायांत मोजे. मग ऊन ऊन काहीतरी घोट घोट प्यायचे. लगेच कढत पाण्याने अंघोळ करायची नाही, चक्कर येते. दारू तर नाहीच. आणि कोणीतरी शेजारी बसायचे, एकटीला सोडायचे नाही.

मी थक्क होऊन बघत राहिले. कान बांधायचे, मोजे घालायचे, ऊन प्यायचे, जवळ कोणीतरी बसायचे. अहो, हे तर माझेच बाळंतपण! फरक एवढाच, की माझ्या खोलीची खिडकी बंद होती.

थर्मासमध्ये मी आले-सुंठीचा चहा नेला होता. दगडी कट्ट्यावर त्या चौघीजणी आणि लेक दाटीवाटीने बसल्या, दात वाजताहेत, चहा सांडतो आहे. मी नातीला घेऊन शेजारी बसले. समुद्राकडे बघत बघत लेक मराठीत म्हणाली, "आई, मला बाळ नकोसं झालंय की काय, असं वाटून मी घाबरले होते. तुला कसं सांगणार? तू एवढी राबतेस."

मी काय बोलणार! माझ्या डोळ्यांसमोर मालवणची माजघराशेजारची खोली आली. हीच लेक माझ्या कुशीत होती, सव्वा महिना शेगडीचा धूर, आणि रात्रंदिवस कानांवर पडणारी समुद्राची गाज. मागच्या दारात जाऊन एकदा नुसता दर्या बघावा असे इतके वाटायचे, पण विचारायची हिंमत नव्हती. आणि हो, ह्या पोरीचा मला तेव्हा राग यायचा. चाळीस वर्षे होत आली, मी हे कोणाला बोलले नव्हते. त्या कट्ट्यावर मी तिला सांगितले. ती माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "माझा? राग?" आणि आम्ही दोघी रडलो की हसलो, कोण जाणे. शेजारच्या बायकांना भाषा कळत नव्हती, त्यांनी आणखी चहा ओतला.

त्या दिवशी समुद्राला नारळ काही वाहिला नाही. डब्लिनच्या हिंदुस्थानी दुकानातून आणलेल्या नारळाचा नारळीभात केला आणि वरच्या मजल्यावर डबा दिला.

आता माझे. लेक म्हणू लागली, "आई, तू पण चल." मी म्हटले, वेड लागलंय का? पण मनातून... तुम्हांला कळले असेलच. मला रक्तदाबाची गोळी चालू आहे, म्हणून सांगलीच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, दाब ताब्यात आहे, हृदयाचे काही दुखणे नाही, हळूहळू उतरा आणि लवकर बाहेर या. तुमच्यापैकी कोणाला हृदयाचा विकार, चढता रक्तदाब, दमा असेल किंवा दिवस गेलेले असतील, तर डॉक्टरांना विचारल्याखेरीज ह्या फंदात पडूच नका. माझे पाहून तर नकोच.

दुसरा प्रश्न, अंगात काय घालायचे? मैत्रिणींनो, मी ह्यावर दोन रात्री विचार केला! साडी तर अशक्य, पाण्यात ती पायांत गुंडाळून जीव घेईल. शेवटी लांब बाह्यांचा, पोटऱ्यांपर्यंत येणारा पोहायचा पोशाख मिळाला. पायांत रबरी बूट, खडक टोचू नयेत म्हणून. डोक्याला भडक केशरी टोपी, लांबून दिसावी म्हणून. आरशात पाहिले आणि म्हटले, आज मालवणात असते तर गाव गोळा झाला असता. पुळणीवर गेले तर कोणी ढुंकून पाहिले नाही. तिथे जाड्या, बारीक, सुरकुतलेल्या, ऑपरेशनच्या खुणा अंगावर मिरवणाऱ्या, सगळ्या प्रकारच्या बायका होत्या आणि प्रत्येकीला फक्त आपला टॉवेल कुठे गेला याची चिंता होती.

बाहेर आल्यावर चढवायला तिकडे आतून लोकरी अस्तराचे लांब झगे मिळतात, चांगले महाग. २०२० साली फॉर्टी फूटला कोणीतरी 'असले झगे घालून येऊ नये' असा फलकच लावला होता म्हणे, जुन्या लोकांना ह्या नव्या टूमची चीड आली होती. मी आपला सांगलीहून नेलेला सुती गाऊन आणि त्यावर शाल वापरली. गाऊनला बटणे नाहीत हे फार सोयीचे. गारठलेल्या बोटांनी बटण लागत नाही, हुक तर मुळीच नाही.

पहिल्या दिवशी मी गुडघ्यापर्यंत गेले आणि परत आले. लपवत नाही. दुसऱ्या दिवशी कमरेपर्यंत गेले आणि तो 'हा:' माझ्या तोंडून निघाला. छातीवर कोणी बसल्यासारखे झाले. मी रामरक्षा सुरू केली तर शब्दच फुटेनात! बाई म्हणाल्या, "श्वास घेण्याकडे लक्ष नको, सोडण्याकडे दे. मेणबत्ती विझवतेस तसा लांब सोड." मी फुंकत राहिले. एक, दोन, पाच, दहा. हळूहळू श्वास लांबला, रामरक्षेची एक ओळ पुरी झाली, दुसरी झाली. मला आपली हीच मोजणी सापडली. जोवर एक अख्खी ओळ न अडखळता म्हणता येत नाही, तोवर पुढे पाऊल टाकायचे नाही.

आणि मग मी खाली बसले. गळ्यापर्यंत. काय सांगू! अंगावर हजार सुया, आणि डोके मात्र असे लख्ख, जसे पहाटे चारला उठून अंगणात आल्यावर होते. एका हाताला लेक, दुसऱ्या हाताला बाई, समोर सगळा समुद्र. किनाऱ्यावर जावई नातीला कडेवर घेऊन हात हलवत होते. मला घरातले एकही काम आठवत नव्हते. दोन मिनिटांनी बाई म्हणाल्या, "चला बाहेर." मी म्हटले, "मला तर आता बरं वाटायला लागलंय." त्या म्हणाल्या, "बरं वाटायला लागलं की निघायचं, ऊन वाटायची वाट बघायची नाही." पाण्याकडे पाठ न करता, तिरकी तिरकी चालत मी बाहेर आले. लेक विचारते, "अशी खेकड्यासारखी का चालतेस?" तिच्या आजोबांनी शिकवले, म्हणून!

परतीपर्यंत मी सहा वेळा उतरले. जास्तीत जास्त किती, तर पाच मिनिटे. पोहायला अजूनही येत नाही. एकदा पाण्यात मोठी लालसर जेलीफिश दिसली, लांबच लांब तंतू असलेली, तेव्हा सगळ्याजणी मुकाट्याने बाहेर आलो. ती चावली तर व्हिनेगरने धुऊन मग पंचेचाळीस अंशांच्या गरम पाण्याने चाळीस मिनिटे शेकायचे असते, म्हणून त्या बायकांच्या पिशवीत व्हिनेगरची बाटली कायम. सुरुवात करायची तर ऑगस्ट-सप्टेंबरातच, पाणी तेव्हा सर्वांत कमी गार असते. हिवाळा संपता संपता ते आठ-नऊ अंशांवर येते. तेवढ्यात उतरायची छाती माझी नाही.

दिवाळीत मालवणला गेले होते. वहिनीला म्हटले, चल. दोघी जुने पंजाबी ड्रेस घालून, भाच्याला सोबत घेऊन चिवल्याच्या पुळणीवर पाण्यात बसलो. वहिनी म्हणाली, "काय गो, पाणी थंड लागतंय." मला तर अंघोळीचे पाणी विसणल्यासारखे वाटत होते.

लेकीचा जानेवारीत फोन आला. पाणी नऊ अंश, ती दोन मिनिटे उतरते, नातीला दोन दात आले आहेत. डॉक्टरीणबाईंकडे जाणे अजून चालू आहे, झोप लागते. आणि मी करून ठेवून आलेले अळिवाचे लाडू कट्ट्यावरच्या बायकांनी केव्हाच संपवले, आता त्या कृती विचारताहेत. मी सांगितले, पाव वाटी अळीव वाटीभर नारळाच्या पाण्यात दोन तास भिजव, दोन वाट्या ओल्या नारळाचा चव, वाटीभर गूळ, सगळे एकत्र करून मंद आचेवर गोळा होईस्तोवर परत, वर जायफळ. ती म्हणाली, "गूळ थोडा कमी चालेल का? ह्यांना फार गोड लागत नाही."